टाकीच्या ग्राफची रेषा शून्यातून जात नाही तेव्हा काय समजायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू नाशकात इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रोजेक्ट म्हणून सोसायटीच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीला प्रेशर ट्रान्समीटर (पाण्याचा दाब मोजून त्या प्रमाणात करंट देणारं यंत्र) बसवलायस, रेंज ० ते २०० मिलीबार, आउटपुट ४ ते २० मिलीअँप. टाकीत पट्टी उभी धरून पाण्याची उंची मोजलीस आणि मल्टिमीटरवर करंट बघितलास. २० सेमीला ६.७५, ४० ला ८.३१, ६० ला ९.९०, ८० ला ११.४५, १०० ला १३.०३ आणि १२० ला १४.५९ मिलीअँप आले. ग्राफ सरळ आला पण रेषा शून्यातूनही जात नाही आणि ४ मधूनही जात नाही, मागे वाढवली की ५.१८ वर जाऊन टेकते. ग्रुपमधल्या मित्राचं म्हणणं की एक्सेलमधे इंटरसेप्ट (रेषा उभ्या अक्षाला टेकते तो आकडा) शून्य सेट करून टाक, छान दिसेल. आणि तुला विचारायचंय की नक्की चुकलं कुठे, आणि यातून लिटर कसे काढायचे.

चुकलेलं काहीही नाही. उलट हे रीडिंग इतकं चांगलं आहे की त्यातून तुझा ट्रान्समीटर कुठे बसवलाय ते मी इथे बसून सांगू शकतो, टाकीच्या तळाच्या साधारण १५ सेमी खाली, बहुतेक आउटलेटच्या पाइपवर टी मारून. मोजून बघ. कसं कळलं ते सांगतो, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

वाय = एमएक्स + सी हे आपण शाळेपासून लिहितो, पण वहीत एम आणि सी हे नुसते आकडे असतात, २ आणि ३ वगैरे. प्रत्यक्ष वस्तूवर मोजमाप केलं की या दोघांना युनिट येतं आणि युनिट आलं की अर्थ येतो. तुझी रेषा अशी आहे : करंट = ०.०७८४ × उंची + ५.१८. यातला ०.०७८४ म्हणजे दर सेंटिमीटर पाण्यामागे वाढणारे मिलीअँप. आणि ५.१८ म्हणजे टाकी तळापर्यंत रिकामी असताना, पण पाइपमधे पाणी असताना, येणारे मिलीअँप. हे दोन्ही आकडे ग्राफ न काढताही नुसत्या कागदावर काढता येतात आणि तेच आधी करायला हवं.

आधी स्लोप घे, म्हणजे रेषेचा कल, तो ०.०७८४. ट्रान्समीटरचा २०० मिलीबारला १६ मिलीअँपचा स्पॅन (४ पासून २० पर्यंतचा पल्ला), म्हणजे एका मिलीबारला ०.०८ मिलीअँप. १ सेमी पाण्याच्या उंचीने दाब वाढतो ०.९८१ मिलीबार, हे घनता गुणिले जी गुणिले उंची या सूत्रातून येतं, पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर आणि जी ९.८१ धरून. दोन्हीचा गुणाकार ०.०७८५. तुझ्या पट्टीने आणि मल्टिमीटरने आला ०.०७८४. म्हणजे तुझं मोजमाप आणि फिजिक्स एकमेकांशी जुळतंय, आणि प्रोजेक्ट रिपोर्टमधे सगळ्यात आधी लिहायची गोष्ट हीच, आर स्क्वेअरचा (पॉइंट रेषेला किती चिकटून आहेत ते सांगणारा) आकडा नाही.

आता इंटरसेप्ट. ५.१८ मधले ४ मिलीअँप तर ट्रान्समीटरचेच आहेत, दाब शून्य असला तरी तो ४ देतो. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण सिग्नल ० पासून सुरू झाला असता तर टाकी रिकामी आहे की उंदराने वायर कुरतडलीये हे कंट्रोल रूममधे बसलेल्याला कळणार कसं, दोन्हीचं रीडिंग शून्यच. ४ पासून सुरू केलं की शून्य मिलीअँप म्हणजे वायर तुटली हे लगेच कळतं, शिवाय दोन वायरवर चालणाऱ्या ट्रान्समीटरला स्वतःचं पोट भरायला तेवढा करंट लागतोच. जुन्या हवेवरच्या सिस्टिममधे सिग्नल ३ ते १५ पीएसआय असायचा, तिथेही खालचं टोक शून्य नव्हतं आणि खालच्या-वरच्या टोकाचं प्रमाण तेच, एकास पाच. तर ४ गेले, उरले १.१८. ते भागिले ०.०७८४ केलं की १५ सेमी. ट्रान्समीटरच्या डोक्यावर तळाच्या खालीही १५ सेमी पाणी उभं आहे, त्याचा दाब तो इमानदारीने दाखवतोय. पट्टी टाकीच्या तळापासून मोजते आणि ट्रान्समीटर स्वतःपासून मोजतो, एवढाच फरक. खात्री करायची तर गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घे, एक टोक ट्रान्समीटरच्या उंचीला आणि दुसरं टाकीच्या तळाच्या उंचीला धर, पाचच मिनिटांचं काम आहे.

मित्राचं ऐकून इंटरसेप्ट शून्य केलास तर काय होतं ते करून बघितलं मी तुझ्याच आकड्यांवर. स्लोप होतो ०.१३८, म्हणजे खऱ्या स्लोपच्या पावणेदोन पट. २० सेमीला ती रेषा म्हणते २.७६ मिलीअँप, जे चालू ट्रान्समीटर कधी देऊच शकत नाही, आणि १२० सेमीला म्हणते १६.५९, प्रत्यक्षात आहे १४.५९. दोन्ही टोकं बिघडली. इंटरसेप्ट शून्य करायचा अधिकार तेव्हाच असतो जेव्हा वस्तूच सांगते की इनपुट शून्य तर आउटपुट शून्य, आणि दोन्हीचं शून्य एकाच जागी आहे. छान दिसणं हे कारण नाही.

ट्रान्समीटरवर झिरो आणि स्पॅन असे दोन स्क्रू असतात किंवा मेनूत दोन सेटिंग असतात, ते म्हणजे हेच सी आणि एम. झिरो फिरवला की पूर्ण रेषा वरखाली सरकते, स्पॅन फिरवला की रेषा कलते. अंबड, सातपूरच्या कंपन्यांमधे कॅलिब्रेशनला गेलो की नवीन पोरं एक चूक हमखास करतात ती सांगून ठेवतो, १०० टक्क्याला रीडिंग कमी आलं की सरळ स्पॅन फिरवतात, खाली झिरोला काय येतंय ते न बघता. समजा सगळीकडेच ०.२ मिलीअँप कमी आहे, तर तो झिरोचा दोष, स्पॅन फिरवून वरचं टोक जुळेल पण मधलं सगळं चुकेल. म्हणून कमीतकमी दोन टोकं आणि मधले दोनतीन पॉइंट बघायचेच. तू सहा पॉइंट घेतलेस ते बरोबर केलंस.

सरळ आहे हे कसं ओळखायचं, तर डोळ्याने ग्राफ बघून अजिबात नाही. सलग रीडिंगची वजाबाकी कर : १.५६, १.५९, १.५५, १.५८, १.५६. वरखाली होतंय पण एका दिशेने वाढत किंवा कमी होत नाहीये, म्हणजे हा पट्टी वाचण्यातला आणि मीटरच्या शेवटच्या आकड्यातला फरक आहे. ०.०२ मिलीअँप म्हणजे पाव सेंटिमीटर, पट्टीवर हलत्या पाण्यात तेवढं होणारच. हेच आकडे १.५९, १.५८, १.५७, १.५६, १.५५ असे आले असते तर मात्र मी थांबलो असतो, फरक तितकाच छोटा असूनही, कारण तिथे वळण लपलेलं आहे.

लपलेल्या वळणाचं खरं उदाहरण म्हणजे पीटी-१००, तापमान मोजायचा प्लॅटिनमचा सेन्सर. ० डिग्रीला १०० ओहम, १०० डिग्रीला १३८.५१ ओहम. दोन टोकं जोडून रेषा काढली तर ५० डिग्रीला ११९.२६ यायला हवेत, टेबलमधे आहेत ११९.४०. फरक साधारण ०.४ डिग्रीचा, दुधाच्या किंवा पाण्याच्या टाकीला चालून जातो. पण तीच रेषा पुढे २०० डिग्रीपर्यंत ओढली तर ती म्हणते १७७.०२ ओहम आणि टेबल म्हणतं १७५.८६, म्हणजे तीन डिग्रीच्या वर चूक. ग्राफ काढशील तर डोळ्याला सरळच दिसेल, आर स्क्वेअर ०.९९९ च्या वरच येईल, तरी चूक आहेच. पाण्याच्या दाबाची रेषा सरळ असण्यामागे कारण आहे, प्रत्येक सेंटिमीटर पाण्याचं वजन सारखंच असतं. प्लॅटिनमच्या रेझिस्टन्सला असं कारण नाही, तो वळतोच, फक्त हळूहळू वळतो म्हणून थोड्या रेंजपुरता सरळ धरला तर भागतं. माझ्या मते रेषा पुढे ओढायची की नाही हे या एकाच गोष्टीवर ठरतं, ती सरळ का आहे हे तुला सांगता येतं का. येत असेल तर कारण टिकतं तिथपर्यंत ओढ, नसेल तर जिथपर्यंत मोजलंय तिथेच थांब.

आणि पीटी-१०० घरी तपासायचा झाला तर एक लक्षात ठेव, उकळतं पाणी म्हणजे १०० डिग्री हे मुंबईला चालेल. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. दोन पॉइंटपैकी एक पॉइंटच दोन डिग्रीने चुकीचा धरला तर स्लोप चुकतो, आणि मग माणूस चांगल्या सेन्सरला खराब ठरवतो.

स्लोपमधे काय काय दडलेलं असतं हे मला सगळ्यात नीट वाईनरीत दिसलं. आपल्याकडे दिंडोरी, विंचूर भागात वाईनरी आहेत, तिथे स्टीलच्या उभ्या टाक्यांना तुझ्यासारखेच तळाला प्रेशर ट्रान्समीटर असतात. एका ठिकाणी तक्रार अशी होती की द्राक्षाचा रस भरला तेव्हा लेव्हल ४ मीटर बरोबर दाखवत होती आणि फर्मेंटेशन संपेपर्यंत ती उतरत उतरत ३.६४ मीटरवर आली. व्हॉल्व्ह कोणी उघडला नाही, खाली थेंब नाही, वरून डोकावलं तर रस जवळपास तिथेच. ट्रान्समीटर बदलायची ऑर्डर निघायच्या बेतात होती.

ट्रान्समीटर एकदम ठीक होता. वाईनचं द्राक्ष तोडतात तेव्हा रसाचं ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, २२ च्या आसपास असतं, आपल्या शेतकऱ्यांना रिफ्रॅक्टोमीटरवर बघायची सवय आहे तेच ब्रिक्स, आणि त्या रसाची घनता पाण्याच्या १.०९ पट असते. लेव्हल भरल्या दिवशी जुळवली होती म्हणजे स्लोप १.०९ धरून बसवला गेला. पुढे यीस्ट साखर खातं, अल्कोहोल होतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि शेवटी ड्राय वाईनची घनता राहते ०.९९३ च्या जवळ. आता तळाला दाब येतो ४ गुणिले ०.९९३, आणि आपण अजून १.०९ ने भागतोय, तर उत्तर येणार ३.६४. रेषा तशीच सरळ आहे, कुठल्याही एका दिवशी मोजशील तर सरळच मिळेल, फक्त तिचा कल रोज थोडा बदलतोय. मला यात आवडलेली गोष्ट अशी की ते रीडिंग खोटं बोलत नव्हतंच, दाब म्हणजे डोक्यावरचं वजन, आणि लिटरमागे साधारण १०० ग्रॅम वजन खरंच टाकीतून गेलं होतं, गॅस होऊन. लेव्हलसाठी बसवलेला ट्रान्समीटर फर्मेंटेशन कुठपर्यंत आलंय ते सांगत होता आणि सगळे त्याच्याकडे लीकेज म्हणून बघत होते. उपाय साधा होता, रोज हायड्रोमीटरने घनता बघतातच, तो आकडा पॅनलमधे टाकायला जागा करून दिली.

तुझ्या टाकीत पाणीच आहे त्यामुळे हा त्रास नाही, उन्हाळा हिवाळा मिळूनही पाण्याच्या घनतेत एक टक्का सुद्धा फरक पडत नाही. पण इंटरसेप्ट हलू शकतो. ट्रान्समीटरला हवेसाठी बारीक भोक असतं, पावसाचं पाणी जाईल म्हणून लोक त्याला एम-सील लावून टाकतात, तसं अजिबात करू नकोस. ते भोक बाहेरच्या हवेचा दाब वजा करण्यासाठी असतं, बंद केलं की हवामान बदलताना हवेचा दाब जितका बदलेल तितकी तुझी रेषा वरखाली सरकणार, आणि एक मिलीबार म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. थंडीतली हवा आणि पावसाळ्यातली हवा यात दाबाचा चांगला फरक असतो, सात-आठ सेंटिमीटरचं खोटं पाणी सहज दिसेल. भोकाचं तोंड खाली राहील असा बसव, वर छोटं छप्पर कर, बस.

दुसरं, टी आउटलेटवर आहे म्हणून सांगतो, सकाळी सगळ्यांचे नळ चालू असताना रीडिंग घेऊ नकोस. पाणी पाइपमधून वाहायला लागलं की तिथला दाब पडतो, सेकंदाला १ मीटर वेग असेल तरी ५ सेमी पाण्याइतका, आणि घर्षणाचं वेगळं. म्हणजे ५.१८ हा आकडा फक्त पाणी उभं असतानाचा आहे. ग्राफमधे सकाळी सातला अचानक खड्डा दिसला तर तो टाकीतला खड्डा नाही, पाइपमधला आहे. जमलं तर ट्रान्समीटरसाठी तळाला वेगळं कनेक्शन घे.

आता लिटर. टाकी आतून २ मीटर बाय दीड मीटर आहे म्हणालास, भिंती उभ्या, तर १ सेमी उंचीला ३० लिटर. लिटर = ३० × उंची, आणि उंची = (करंट − ५.१८) ÷ ०.०७८४. एकात एक घातलं की लिटर = ३८३ × (करंट − ५.१८). १३.०३ टाकून बघ, जवळपास ३००० लिटर येतात, १०० सेमी गुणिले ३० तेवढेच. रेषेत रेषा घातली की रेषाच मिळते, म्हणून हे इतकं सोपं झालं. प्रोग्राममधे मात्र उंची शून्याच्या खाली आणि टाकीच्या काठाच्या वर जाऊ देऊ नकोस. काठ १३० सेमीला आहे, म्हणजे १५.४ मिलीअँपच्या वर आकडा गेला तर ते पाणी नाही, काहीतरी बिघाड आहे, आणि ४ च्या स्पष्टपणे खाली गेला तर वायर बघ. रेषा कागदावर दोन्ही बाजूंना कितीही लांब जाते, टाकी जात नाही.

आणि हे ३० लिटरचं गणित उभ्या भिंतीपुरतंच. जनरेटरच्या डिझेलची आडवी गोल टाकी असते, तिला कोणी हे लावलं तर फसणार. आडव्या गोल टाकीत उंची १० टक्के असताना डिझेल असतं फक्त ५.२ टक्के, आणि पाव उंचीला साडेएकोणीस टक्के. रेषेने हिशोब करणाऱ्याला वाटतं अजून दहा टक्के आहे, असतं निम्मं, आणि नेमकी लाइट गेल्यावर ते कळतं. गंगापूर धरणाचंही तसंच, पाणी जितकं वर चढतं तितकं जास्त पसरतं, म्हणून वरच्या एक मीटरमधे मावणारं पाणी खालच्या एक मीटरपेक्षा खूप जास्त, तिथे पातळी आणि साठा यांचं टेबल वापरतात, एक गुणाकार करून भागत नाही. दोन्हीकडे उंचीपासून दाबापर्यंतचा टप्पा सरळच आहे, वाकडा आहे तो उंचीपासून लिटरपर्यंतचा. साखळीत एक कडी वाकडी असली की शेवटचं उत्तर वाकडं.

व्हायव्हामधे वेळेबद्दल विचारतील, टाकी किती वेळात रिकामी होईल वगैरे. भरताना मोटर साधारण एकसारखं पाणी टाकते, तिथे उंची विरुद्ध वेळ रेषा चालेल. पण तळाचा नळ उघडून नुसती ग्रॅव्हिटीने रिकामी केलीस तर रेषा चालणार नाही, पाणी कमी होईल तसा दाब कमी, दाब कमी तशी धार मंद. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे टॉरिसेलीने १६४० च्या दशकात मांडलं. त्यामुळे एकूण लागणाऱ्या वेळाच्या अर्ध्या वेळातच तीन चतुर्थांश टाकी रिकामी होते आणि उरलेलं पाव पाणी उरलेला अर्धा वेळ खातं. एका रविवारी टाकी धुवायला रिकामी करतील तेव्हा दर पाच मिनिटाला उंची लिहून ठेव, उंची विरुद्ध वेळ वाकडी येईल पण उंचीचं वर्गमूळ काढून वेळेसमोर मांडलंस की पुन्हा सरळ रेषा मिळेल, निदान आउटलेटचं तोंड उघडं पडेपर्यंत. तळाला बसवलेला ट्रान्समीटर नसेल आणि तोच आउटलेटवरचा असेल तर मात्र वाहत्या पाण्यात तो कमी दाखवणार हे वर सांगितलंय, त्यामुळे त्या दिवशी उंची पट्टीनेच घे. आणि उतरतानाही तेच सहा पॉइंट नळ बंद करून करंटसकट एकदा घे, चढतानाचे आणि उतरतानाचे जुळतात का बघ. ०.०५ मिलीअँपच्या आत जुळले तर अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत आहेस, जास्त फरक आला तर पाइपच्या टीमधे हवा अडकलीये का ते बघ आणि नट थोडा ढिला करून ती काढून टाक.